परक्याची सुटी

सुटी हा शब्द कानीं पडतांच मनुष्याचें मन हलकें होतें. वर्षभर ज्यांच्याकडे डोळे लावून बसावें ते हे दिवस. ते कोणाला नकोसे होत असतील ही कल्पनाही सहसा मनाला शिवत नाहीं. परंतु पोटासाठीं परमुलखांत राहिलेल्या माणसाला विचारावें. तो सांगेल कीं, कामाचे दिवस कसेही निघून जातात. कठीण जातात ते सुटीचेच. ह्या म्हणण्यांत विरोधाभास आहे खरा, तथापि परदेशवासाचें एक मर्म त्यांत दडलेलें आहे. आणि तें नीट पाहावयाचें तर जर्मनींतील नाताळच्या पंधरवड्यासारखें दुसरें उदाहरण क्वचितच सांपडेल.

जर्मनीचेंच नांव घेण्याला कारण आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर त्या देशानें आपले कारखाने आणि खाणी चालविण्यासाठीं करार करून परदेशचीं माणसें बोलाविलीं. आज त्याच देशाला रुग्णालयें, प्रयोगशाळा आणि संगणकाचीं कार्यालयें चालविण्यासाठीं पुन्हां बाहेरच्या हातांची गरज भासत आहे. ५ डिसेंबर २०२२ रोजीं दिल्ली येथें भारत आणि जर्मनी यांच्यामध्यें स्थलांतराविषयीं करार झाला. २०२४ सालीं कुशल भारतीयांना वर्षाकाठीं द्यावयाच्या परवान्यांची मर्यादा २०,००० वरून ९०,००० वर नेण्याचें तेथील सरकारनें ठरविलें. पुण्यामुंबईच्या अनेक घरांत आज भिंतीवरच्या घड्याळाशेजारीं मनांतल्या मनांत दुसरें एक घड्याळ चालत असतें, आणि तें हिवाळ्यांत साडेचार तास मागें असतें. तेव्हां विषय दूरचा असला तरी परका नाहीं.

प्रथम तेथला डिसेंबर कसा असतो तें पाहावें. २१ तारखेच्या सुमारास बर्लिनमध्यें सूर्य सकाळीं सव्वाआठ वाजतां उगवतो आणि दुपारीं चार वाजण्यापूर्वींच मावळतो. सारा दिवस पावणेआठ तासांचाही भरत नाहीं. मुंबईचा वर्षांतला सर्वांत लहान दिवस जवळजवळ अकरा तासांचा असतो, हें ध्यानांत घेतलें म्हणजे ह्या अंधाराचें माप कळतें. नोकरदार मनुष्य अंधारांत घराबाहेर पडतो आणि अंधारांतच परततो. अशा ऋतूंत लोकांनीं दिव्यांचा उत्सव मांडावा हें दिवाळी साजरी करणाऱ्याला निराळें समजावून सांगावें लागत नाहीं. नाताळपूर्वींच्या चार रविवारीं घरोघर हिरव्या डहाळ्यांच्या चक्रावर एकेक मेणबत्ती वाढत जाते. गांवच्या चौकांत लांकडी दुकानांचा बाजार भरतो. ड्रेस्डेन शहरांतला असा बाजार तर १४३४ सालापासूनचा आहे. तेथें भाजलेले बदाम मिळतात, मधाच्या मसालेदार वड्या मिळतात, आणि ऊन द्राक्षमद्याच्या वाफेबरोबर दालचिनी-लवंगेचा वास सर्वत्र दरवळतो. आपल्या स्वयंपाकघरांतला हा वास बर्फाळ चौकांत अवचित भेटला म्हणजे नव्यानें गेलेला मराठी तरुण क्षणभर थबकतो. गर्दींत त्याला कोणी अडवीत नाहीं, कोणी विचारीत नाहीं. रस्त्यावरचा उत्सव सर्वांचा असतो. तेथें उभें राहिलें म्हणजे झालें.

परंतु २४ डिसेंबरच्या दुपारीं हें चित्र एकाएकीं पालटतें. सरकारी यादीप्रमाणें हा दिवस सुटीचा नाहीं. तरीही दुपारीं दोनच्या सुमारास दुकानांचीं दारें बंद होतात, बाजार आवरला जातो, आणि घटकाभरांत मोठमोठे रस्ते ओस पडतात. त्या संध्याकाळीं घरांत झाड उजळतें, भेटी वांटल्या जातात, आणि पुष्कळ कुटुंबांत बटाट्याचें कोशिंबिरीसारखें कालवण आणि सॉसेज एवढाच साधा बेत असतो. दुसऱ्या दिवशीं हंस भाजून मोठी मेजवानी होते. २५ आणि २६ हे दोन्ही दिवस कायद्यानें सुटीचे. लागून रविवार आला तर दुकानें सलग तीन दिवस उघडत नाहींत. स्टेशनांतलीं कांहीं दुकानें आणि पेट्रोलपंप यांचाच काय तो आधार. ज्याला हें कोणी सांगितलेलें नसतें तो परदेशी २५ तारखेला सकाळीं दुधासाठीं बाहेर पडतो आणि कुलुपें मोजीत रिकाम्या हातानें परत येतो. असा अनुभव एकदांच येतो. पुढच्या वर्षीं २३ तारखेला तोही पिशव्या घेऊन रांगेंत उभा असतो.

ह्या बंद दारांत कोणाविषयीं दुष्टावा नाहीं, हें ओळखणें मात्र अवश्य आहे. जर्मनींत विश्रांतीचा दिवस ही केवळ रूढि नव्हे, ती राज्यघटनेची तरतूद आहे. रविवार आणि मान्य सण हे काम थांबविण्याचे व मन वर उचलण्याचे दिवस म्हणून कायद्यानें राखले जातील, असें १९१९ च्या वायमार घटनेंत लिहिलें गेलें, आणि १९४९ च्या घटनेनें तें कलम जसेंच्या तसें आपलेंसें केलें. दुकानावरच्या मुलीलाही आईबापांकडे जातां यावें यासाठीं दुकान बंद असतें. हेतु चांगला, परंतु ज्याला जावयास घर नाहीं त्याच्या वांट्याला ह्या चांगुलपणाची केवळ मागची बाजू येते.

आतां मूळ प्रश्नाकडे वळावें. कामाचे दिवस जातात, आणि सुटीचे जात नाहींत, असें कां व्हावें? परदेशीं गेलेल्या मनुष्याला तेथील समाजांत जी जागा मिळते ती कामामुळें मिळते. सकाळीं तो दारांतून आंत शिरतो तेव्हां त्याचें नांव घेणारीं माणसें तेथें असतात. त्याची खुर्ची ठरलेली, त्याचें यंत्र ठरलेलें, जेवणाच्या सुटींत बसावयाचें टेबल ठरलेलें. भाषा अर्धवट येत असली तरी कामापुरते शब्द त्याच्याजवळ असतात आणि त्या शब्दांत तो शहाणा ठरतो. ‘हा कोण?’ ह्या प्रश्नाला त्या दिवशीं उत्तर असतें: हा अमुक विभागांतला. सणाच्या दिवशीं हाच प्रश्न निराळ्या रीतीनें विचारला जातो. कोणाचा मुलगा, कोणाचा मामा, कोणाचा जांवई ह्या नात्यांनीं त्या दिवशीं मनुष्य ओळखला जातो. आणि ज्याचीं सारीं नातीं समुद्रापलीकडे राहिलीं त्याला ह्या हिशेबांत जागाच उरत नाहीं. काम त्याला त्या देशाचा करतें आणि सुटी त्याला पुन्हां परका करते. वर्षभर झांकलेली गोष्ट त्या तीन दिवसांत उघडी पडते, इतकेंच.

त्यांत पंचांगाची अडचण निराळीच. त्याची दिवाळी येते त्या दिवशीं जर्मनींत नेहमीप्रमाणें कचेरी भरलेली असते. लक्ष्मीपूजनाच्या वेळीं तो हिशेबाचे तक्ते तपाशीत असतो आणि जेवणाच्या सुटींत जिन्याखालीं उभा राहून घरच्यांशीं चार शब्द बोलून घेतो. शहरांतलें महाराष्ट्र मंडळ फराळ करतें, पण सवडीच्या शनिवारीं. उलट डिसेंबरांत त्याच्यापाशीं वेळच वेळ असतो, तेव्हां घरच्यांचा कामाचा आठवडा चालू असतो. आईला आणि वडिलांना दूरध्वनि करावा तर इकडे रात्र पडलेली. सुटींत मायदेशीं येऊन जावें तर विमानाचें भाडें नेमकें त्याच दिवसांत चढलेलें. अशा रीतीनें त्याचा सण त्याच्या कामाच्या दिवशीं पडतो आणि त्याचा रिकामा वेळ दुसऱ्यांच्या सणांत पडतो. दोन पंचांगांच्या मधल्या फटींत राहणें हें परदेशवासाचें खरें रोजचें दुःख होय. तें मोठें नसतें, पण दर वर्षीं नेमकें येतें.

हें दुःख आजच्या संगणक-अभियंत्यांनीं प्रथम सोसलें असें मात्र कोणी समजूं नये. जर्मनी आणि इटली यांच्यांतील पहिला कामगार-करार २० डिसेंबर १९५५ रोजीं रोम येथें, म्हणजे नाताळच्या आठवड्यांतच, झाला. पुढें १९६० सालीं स्पेन व ग्रीस आणि १९६१ सालीं तुर्कस्तान यांच्याशीं करार झाले. ह्या लोकांना जर्मनांनीं ‘पाहुणे-कामगार’ असें नांव दिलें. दक्षिणेकडून येणाऱ्या त्यांच्या गाड्या म्यूनिक स्टेशनच्या ११ नंबरच्या फलाटावर येत; तेथून त्यांची गांवोगांवच्या कारखान्यांवर रवानगी होई. राहावयास बराकी, एका खोलींत चौघे-सहाजण, भिंतीशीं एकावर एक पलंग. नाताळांत त्यांना घरीं नेण्यासाठीं खास गाड्या सुटत. त्यांत खोकीं, गांठोडीं आणि मुलांसाठीं घेतलेलीं खेळणीं यांची खच्चून भरती असे. ज्यांना जातां येत नसे ते रेल्वे-स्टेशनावर जमत. जावयाचें कोठेंच नसतांना स्टेशनावर कशासाठीं, असें कोणीही विचारील. पण स्टेशन उघडें असे, तेथें ऊब असे, आपल्या भाषेचे दोन शब्द कानांवर येत, आणि घराकडे जाणारी गाडी निदान डोळ्यांनीं पाहतां येई.

आकाशवाणीच्या श्रोत्यांना आणखी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. ह्या एकटेपणावर पहिला उतारा निघाला तो रेडिओचा. १९६१ पासून जर्मन नभोवाणीवर इटालियन भाषेंत आणि १९६४ पासून कोलोन केंद्रावरून तुर्की भाषेंत ह्या कामगारांसाठीं कार्यक्रम सुरू झाले. बराकींत एका यंत्राभोंवतीं दहा-बारा माणसें बसून ऐकत. गांवाकडची बातमी, एखादें गाणें, कायद्याची माहिती, एवढेंच. परंतु परमुलखांत आपल्या भाषेला अधिकृत आवाज मिळाला म्हणजे मनुष्य ताठ बसतो.

त्याच कोलोन शहरांत ३ फेब्रुवारी १९६५ रोजीं एक विलक्षण गोष्ट घडली. रमजानची ईद हिवाळ्यांत आलेली; शेंकडों तुर्की कामगारांना एकत्र नमाज पढण्याएवढी जागा शहरांत नव्हती. त्यांनीं विचारणा केली आणि तेथील जगप्रसिद्ध ख्रिस्ती महामंदिराच्या चालकांनीं आपल्या उत्तरेकडील दालनांत त्यांना नमाजाची परवानगी दिली. ह्या महामंदिरांत ज्या तीन राजांची सुवर्णपेटी पूजेला आहे ते, ख्रिस्ती कथेप्रमाणें, पूर्वेकडून दूरचा प्रवास करून आलेले परकेच होते. ह्या योगायोगाचा अर्थ ज्यानें त्यानें लावावा. एवढें खरें कीं, ज्या सणाला सुटी नव्हती त्या सणाला त्या सकाळीं छप्पर मिळालें.

१९७३ सालीं ही कामगार-भरती थांबली. तोंपर्यंत सुमारें १ कोटि ४० लाख लोक येऊन गेले होते आणि त्यांपैकीं जवळजवळ १ कोटि १० लाख परत फिरले. जे राहिले त्यांनीं बायकामुलें आणलीं, आणि पाहुणे हा शब्द हळूहळू खोटा ठरला.

आज सणाच्या रात्रीं जर्मनी कोणाच्या हातांवर चालते तें पाहिलें तर ह्या गोष्टीची दुसरी बाजू दिसते. घरोघर मेणबत्त्या लागल्या तरी रुग्णालयें बंद होत नाहींत, वृद्धाश्रम बंद होत नाहींत, आगगाड्या आणि वीजघरें थांबत नाहींत. केरळांतून गेलेल्या परिचारिका १९६० नंतरच्या दशकापासून तेथील रुग्णशय्यांशीं उभ्या आहेत. आतां महाराष्ट्रांतल्या मुलीही जर्मन भाषा शिकून त्या कामावर जाऊं लागल्या आहेत. सणाच्या कामाबद्दल जो जादा भत्ता मिळतो त्याला प्राप्तिकरांत सवलत आहे. २४ डिसेंबरच्या दुपारीं दोन वाजल्यापासून २६ च्या रात्रींपर्यंत मूळ वेतनाच्या १५० टक्क्यांपर्यंतचा भत्ता करमुक्त राहूं शकतो. दुकानांचीं दारें मिटतात त्याच घटकेपासून कायदाही सण धरूं लागतो, हें पाहून गंमत वाटते.

तथापि भत्त्याहून मोलाची गोष्ट निराळीच आहे. पाळ्यांचा तक्ता लागण्याच्या वेळीं एखादी परदेशी परिचारिका पुढें होऊन म्हणते, ‘चोवीसची रात्र मला द्या, तुमचीं मुलें लहान आहेत.’ जिला हें सांगितलें जातें ती स्त्री तें विसरत नाहीं. पुढच्या कार्तिकांत दिवाळीच्या रात्रीं तीच आपण होऊन उभी राहते आणि म्हणते, ‘आज तूं जा.’ असा अलिखित करार ज्या कामाच्या ठिकाणीं होतो तेथें परकेपणाची धार बोथट होते. दया दाखविणारा एक आणि घेणारा दुसरा असा तो व्यवहार राहत नाहीं. दोन सणांची ती सरळ अदलाबदल असते. जिच्यापाशीं द्यावयास कांहीं आहे ती बाई त्या घरांत पाहुणी उरत नाहीं.

आमंत्रणाचेंही असेंच आहे. जर्मन कुटुंबांत २४ ची संध्याकाळ अगदीं जवळच्यांची. परक्याला बोलावणें येतें तें बहुधा २५ किंवा २६ चें. तें आलें तर संकोचानें नाकारूं नये. सांगितलेल्या वेळीं पोंचावें, हातांत कांहीं लहानसें असावें, आणि मांसाशन करीत नसल्यास तसें आधीं कळवावें. तांबड्या कोबीची भाजी, बटाट्याचे गोळे आणि सुकामेव्याचा स्टोलन नांवाचा केक एवढ्यावर शाकाहारी मनुष्याचें उत्तम भागतें. अशा जेवणांत कधीं कधीं एक फार महत्त्वाचा क्षण येतो. जर्मन भाषेंत आपल्या ‘अहो’ आणि ‘अरे’ यांसारखाच भेद आहे, आणि आदरार्थी संबोधन सोडून एकेरीवर येण्याचा मान वडीलधाऱ्याचा. घरची वृद्ध आजी पाहुण्याला म्हणते, ‘आतां मला एकेरींतच हांक मार.’ मराठी मनुष्याला ह्या वाक्याची किंमत लगेच कळते. कागदावरचा परवाना सरकार देतें. हा परवाना घर देतें.

ज्याला कोणाचेंच आमंत्रण नाहीं त्यानेंही दार लावून बसूं नये. वसतिगृहांत आपल्यासारखेच आणखी चारजण असतात: एक व्हिएतनामचा, एक ब्राझिलचा, एक सीरियाचा. २३ ला बाजार करून ठेवावा आणि २५ ला सर्वांनीं मिळून खिचडी रांधावी. नाताळच्या त्या हिरव्या चक्राचा इतिहासही येथें आठवावा. तें चक्र कोणा श्रीमंताच्या दिवाणखान्यांत जन्मलें नाहीं. योहान हिनरिश विशेर्न नांवाच्या धर्मोपदेशकानें हँबुर्ग येथें १८३३ सालीं निराधार मुलांसाठीं आश्रम काढला होता. ‘नाताळ कधीं येणार?’ असें तीं मुलें रोज विचारीत, म्हणून १८३९ सालीं त्यानें गाडीच्या जुन्या चाकावर मेणबत्त्या बसविल्या, वारांसाठीं लहान आणि रविवारांसाठीं मोठ्या, आणि रोज एक लावून तो मुलांना दिवस मोजावयास शिकवूं लागला, असें सांगतात. घर नसलेल्यांसाठीं काढलेली ही युक्ति पुढें साऱ्या घरांनीं उचलली.

३१ तारखेला तर दारें पुन्हां उघडतात. त्या रात्रीं जर्मन दूरचित्रवाणीवर १९६३ सालीं मुद्रित झालेली ‘डिनर फॉर वन’ ही छोटी इंग्रजी नाटिका दर वर्षीं दाखवितात. नव्वद वर्षांची एक बाई वाढदिवसाचें जेवण मांडते. तिचे चारही मित्र कधींच वारलेले, आणि म्हातारा नोकर त्या चारही रिकाम्या खुर्च्यांच्या वतीनें पेले रिकामे करीत लडखडूं लागतो. सारा देश पोट धरून हंसतो. रिकाम्या खुर्च्यांची ही गोष्ट परदेशस्थाला थोडी अधिक कळते, तोही हंसतो. मग मध्यरात्रीं दारूकाम सुटतें, अनोळखी माणसें रस्त्यांत एकमेकांना शुभेच्छा देतात, आणि कांहीं दिवसांनीं कचेरी उघडते. ‘सुटी कशी गेली?’ असें कोणी विचारतें. ‘चांगली गेली,’ असें तो सांगतो, आणि आपल्या ठरलेल्या खुर्चीवर जाऊन बसतो.

हें सारें ऐकून जर्मनींतल्या आपल्या मुलांची काळजी वाटणें साहजिक आहे. परंतु परक्याची सुटी पाहण्यासाठीं तितकें लांब जाण्याचें कारण नाहीं. दिवाळींत पुण्यांतल्या खाणावळी बंद होतात तेव्हां ईशान्येकडून शिकावयास आलेला विद्यार्थी कोठें जेवतो? इमारतीचा नेपाळी पहारेकरी, बांधकामावरचा बिहारी गवंडी, दवाखान्यांतली मल्याळी परिचारिका यांची भाऊबीज कोठें होते? त्यांच्याही वाटेला कामाच्या दिवशीं नांव येतें आणि सणाच्या दिवशीं बंद दार. पाडव्याला पानें मांडतांना एक पान अधिक मांडावें आणि त्या पानावर कोणाला बसवावयाचें तें आधींच ठरवून, दोन दिवस अगोदर जाऊन, त्याला बोलावून यावें.